हाताच्या टप्प्यापलीकडची काजळी

त्याचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, आणि तिथून ते कधी बाहेर आलं नाही. सगळे त्याला रुमालमिस्त्री म्हणत. शाळेच्या बारा बसगाड्या ज्या आवारात उभ्या राहत, तिथला तो मोठा मिस्त्री. पत्र्याची लांब शेड, मधोमध कमरेएवढा खोल खड्डा, भिंतीवर पान्यांच्या काळ्या सावल्या, आणि कोपऱ्यातल्या खुंटीला कायम एक स्वच्छ पांढरा रुमाल. मिस्त्रीचा सगळा मान त्या खुंटीला टांगलेला होता म्हणा ना.

रुमालाची रीत त्याच्या उस्तादाची. गाडी दुरुस्त झाली की इंजिन चालू करायचं, सायलेन्सरच्या तोंडावर रुमाल ताणून धरायचा आणि सावकाश शंभर मोजायचे. रुमाल पांढरा राहिला तर गाडी फाटकाबाहेर, डाग पडला तर परत खड्ड्यावर. उस्ताद सांगायचा, इंजिन बोलतं, पण खरं बोलतं ते शेपटाकडून. मिस्त्रीने हे ऐकलं तेव्हा त्याच्या मिशा फुटायच्या होत्या. आता त्याच मिशा त्याच्या रुमालाशी रंगात बरोबरी करत होत्या, आणि रीत मोडली नव्हती.

दुपारी शाळा सुटली की मुलं सात नंबरच्या गाडीमागे रांग लावत. गाडीचा दरवाजा मागच्या अंगाला होता, म्हणून रांगही मागेच. गाडी चालूच असे, कारण ड्रायव्हरला सुटायची घाई. त्याला सगळे घाईकाका म्हणत. मुलं ओरडायची, "मिस्त्रीकाका, रुमाल!" मग मिस्त्री जादूगारासारखा झटका मारून रुमाल काढी, सायलेन्सरवर धरी, शंभर आकडे मुलंच मोजत, आणि तो फडकवून दाखवी. पांढरा! टाळ्या पडत. घाईकाका खिडकीतून म्हणे, "अरे मिस्त्री, तोंड पूस त्याने. गाडीच्या धुरापेक्षा तुझं तोंड काळं आहे." मिस्त्री खरंच पुसायचा. मुलं खिदळायची.

या टाळ्या खोट्या होत्या, हे त्या आवारात फक्त मिस्त्रीला माहीत होतं. आणि त्यालाही ते अर्धंच माहीत होतं. ही गोष्ट उरलेल्या अर्ध्याची आहे.

या नव्या गाड्यांच्या पोटाखाली, सायलेन्सरच्या आधी, एक फिल्टर असतो. पत्र्याच्या डब्यात बसवलेला, भाजलेल्या मातीच्या मधपोळ्यासारखा, हजार बारीक भोकांचा. धूर त्यातून गाळून बाहेर येतो आणि काजळी आत राहते. गाडी लांबच्या रस्त्यावर पळाली की फिल्टर तापतो आणि साठलेली काजळी आतल्या आत जळून जाते. पण शाळेची गाडी कसली पळते! दहा पावलं चालली की थांबली, एक पोर चढलं, पुन्हा दहा पावलं. फिल्टर तापतच नाही. तुंबतो. मग ड्रायव्हरपुढे लाल दिवा लागतो आणि गाडी म्हातारीसारखी धापा टाकत भर रस्त्यात बसते. सात नंबर अशी तीन वेळा बसली. तिसऱ्या वेळी आत चाळीस मुलं, बाहेर ऊन, आणि फोनवर आयांचा कल्ला. व्यवस्थापक साहेब मिस्त्रीला म्हणाले, "मला कारणं नकोत, गाडी चालू हवी."

फिल्टर काढून, तापवून, साफ करून पुन्हा बसवायची रीत आहे. त्याला दोन दिवस लागतात. मिस्त्रीने दोन तासांत काम उरकलं. डबा कापला, आतलं मातीचं पोळं छिन्नीने फोडून काढलं, रिकामा डबा परत जोडला. जोड असा घासला की बोटाला कळू नये. लाल दिव्याची तार एका माहीतगाराकडून गप्प करून घेतली. मग त्याने रुमाल धरला. शंभर मोजले. रुमाल पांढरा.

तो तिथेच हसला. म्हणाला, बघा, फिल्टरचं नुसतं थोतांड, इंजिन उत्तम राखलं तर काय लागतंय! त्यानंतर आणखी चार डबे रिकामे झाले.

एकच कुसळ राहिलं. फिल्टर धड असला की सायलेन्सरची नळी आतून कोरडी, स्वच्छ राहते. रिकामा केला की आठवड्याभरात आतून काळी होते. कुणी जाणत्याने बोट घातलं की भांडं फुटलं. म्हणून मिस्त्री दर सोमवारी सकाळी, कुणी यायच्या आत, रॉकेलच्या चिंधीने त्या पाच गाड्यांच्या नळ्या आतून पुशी. हात जाईल तिथपर्यंत.

अशी दोन वर्षं गेली.

मग एक दिवस त्याची भाची आली. ही भाची म्हणजे त्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी सुट्टीत मामाकडे यायची, मामाच्या खांद्यावर बसून शेडमध्ये फिरायची, आणि डोळे मिटून नुसत्या वासावरून सांगायची, हे डिझेल, हे जळकं ऑइल, हे नवं रबर. मिस्त्रीला स्वतःचं मूल नव्हतं. ती शिकली, मोठ्या प्रयोगशाळेत लागली. तिचं काम धुरातले कण मोजण्याचं. मिस्त्री चहावाल्यापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगत फिरायचा, "माझी भाची धूर मोजते. वजन करून नाही, एकेक मोजून!" पहारेकरी विचारायचा, "मोजून काय करते, परत गाडीत घालते?"

तिच्याबरोबर एक करड्या रंगाचं यंत्र होतं, पेटीएवढं, त्याला लवचीक नळी. नवीनच तपासणी. आजवर धूर किती काळा हे बघत, हे यंत्र धुरात कण किती ते मोजायचं. तिच्या वरिष्ठांचा यंत्रावर भरवसा नव्हता. ते म्हणत, काळा दिसला तर धूर, नाही तर नाही, बाकी सगळी शोभा. तिने भांडून यंत्र मिळवलं होतं. दोन दिवसांसाठी. दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसची गाडी यंत्र न्यायला येणार होती. तोवर तिने लिहून द्यायचं होतं की यंत्र खरं बोलतं की खोटं. खोटं असेल तर तपासणी रद्द.

"म्हणून तुमच्याकडे आले, मामा," ती म्हणाली. "मला एक अशी गाडी हवी की जिच्याबद्दल मला शंकाच नको. तिच्यावर यंत्र बरोबर चाललं तर पुढचं बोलायचं."

आणि मिस्त्रीने, सवयीने, अभिमानाने, छाती पुढे काढून सांगितलं, "सात नंबर घे. माझी राणी आहे ती."

बोलून गेल्यावर त्याला आठवलं. पण तोवर घाईकाका गाडी काढून समोर आणत होता. उरलेल्या अकरा गाड्या मुलं आणायला गेल्या होत्या.

तरी तो घाबरला नाही. रुमाल पांढरा राहतो, मग यंत्र तरी काय वेगळं सांगणार? त्याने आधी स्वतःचा रुमाल धरून दाखवला. भाची लहानपणीसारखी टाळ्या वाजवत हसली. मग तिने नळीत बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ. सोमवार कालच झाला होता. तिने यंत्राची नळी आत सरकवली.

पडद्यावर आकडे पळायला लागले. तिच्या कपाळाला आठी पडली. तिने नळी काढली, यंत्र शून्यावर आणलं, पुन्हा लावली. तेच.

"काय गं?"

"सोंगटीच्या फाशाएवढ्या हवेत, मामा, फार तर अडीच लाख कण चालतात. हे साठ लाख दाखवतंय."

घाईकाका म्हणाला, "रात्रीतून पिल्लं झाली असतील."

ती हसली नाही. तिने पुन्हा नळीत बोट घातलं, पुन्हा बोटाकडे पाहिलं, मग मामाकडे. "मामा, हिच्या फिल्टरला कधी कुणी हात लावला होता का?"

आता बघा, माणसाच्या आयुष्यात असा एक श्वास येतो की त्यात खरं बोलायला पुरेशी जागा असते. मिस्त्रीला तो श्वास मिळाला. त्याने तो घेतला, आणि बाहेर सोडताना म्हणाला, "नाही."

"मग यंत्रच बिघडलंय." तिचा चेहरा उतरला. "येताना रस्त्यात एक आदळा बसला होता. मीच मांडीवर घ्यायला हवं होतं ते. बरोबर आहे, तुमच्या गाडीवर शंका कशी घेऊ? यंत्र आलंय काल, तुमचा रुमाल माझ्या जन्माआधीचा."

मिस्त्रीने मान हलवली. होय म्हणून हलवली. ती मान हलल्याचं त्याला पुढे आयुष्यभर मानेत जाणवत राहिलं.

संध्याकाळी ती मामाकडेच राहायला होती. दोन खोल्यांचं घर, दारात तेलकट चपला, दोरीवर ओळीने सहा पांढरे रुमाल. मामी ताटं वाढत होती. भाची कोपऱ्यात ठेवलेल्या यंत्राकडे आजारी पोराकडे बघावं तशी बघत होती.

मामीनं विचारलं, "एवढं काय असतं गं त्या धुरात? मला समजेल असं सांग."

भाचीला सांगायला आवडायचं. "मामी, इंजिनात डिझेलचा फवारा उडतो. थेंबाच्या कडेला हवा मिळते, ती कड छान जळून जाते. पण मधल्या भागापर्यंत हवा पोचत नाही. तिथे डिझेल उपाशी जळतं. अर्धवट जळालेले तुकडे एकमेकांना धरून कडी करतात, कडीला कडी लागते, आणि बघता बघता त्याचा मणी होतो. काजळीचा मणी. तो इतका लहान की विचारू नका."

"मोहरीएवढा?"

"मोहरी म्हणजे त्याच्यापुढे डोंगर. मग हे मणी एकमेकांवर आपटतात, चिकटतात, माळा होतात. वेड्यावाकड्या, द्राक्षाच्या घडासारख्या. अशी माळसुद्धा इतकी बारीक की तुमच्या एका केसाच्या जाडीत हजार माळा शेजारी शेजारी मावतील. या माळा गरम नळीतून बाहेर पडतात आणि गार हवा लागते. गार झालं की धुरातली ऑइलची वाफ दवासारखी त्यांच्यावर बसते. ओली माळ आक्रसते, तिचा गोळा होतो."

"आणि वाफेला बसायला माळच नाही मिळाली तर?"

भाचीने कौतुकाने मामीकडे पाहिलं. "हा प्रश्न आमच्या साहेबांनीसुद्धा नाही विचारला. मग वाफ स्वतःच थिजते आणि तिचे आणखी लहान थेंब होतात. म्हणजे कधीकधी काजळी कमी झाली की कणांची संख्या उलट वाढते. डोळ्याला धूर दिसतच नाही. आणि न दिसणारा कणच खोल जातो, मामी. मोठी काजळी नाकात अडकते, शिंकून निघते. हा छातीच्या पार तळाशी जाऊन बसतो. लहान मुलांचं तर नाकच नळीच्या उंचीवर."

मिस्त्रीचा घास हातातच राहिला.

"आणि रुमालात?" त्याने विचारलं.

"रुमाल काय, मामा, त्यांना उघडं फाटक. विणीतून आरामात जातात. थोडे चिकटतात धाग्याला, पण जुन्या इंजिनाची ढेकळं वेगळी, ही नव्या इंजिनाची धूळ वेगळी. शंभर मोजून काही दिसायचं नाही." मग तिने घाईने जीभ चावली. "म्हणजे तुमच्या गाडीबद्दल नाही म्हणत मी. तुमच्याकडे फिल्टर आहेत. तुमचा रुमाल तसाही पांढराच राहणार."

मामी कौतुकाने म्हणाली, "यांचे रुमाल धुवायला कष्टच नाहीत बाई. नुसते पाण्यातून काढायचे. ती सोमवारची चिंधी मात्र कोळशाच्या खाणीतून आणल्यासारखी येते."

"कसली चिंधी?"

मिस्त्रीने घास ताटात ठेवला.

"हात पुसायची," मिस्त्री म्हणाला.

दुसरं खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं, आणि त्यालाच त्याची जास्त लाज वाटली. त्याने ताटावरून उठून हात धुतले. पुन्हा धुतले. मामी म्हणाली, "अहो, कातडी राहू द्या हाताला."

आतल्या खोलीत भाची कागद काढून बसली. दारातून त्याला तिची वाकलेली मान दिसत होती. ती लिहीत होती, खोडत होती. एकदा स्वतःशीच म्हणाली, "वाहतुकीत माझ्या निष्काळजीपणामुळे," आणि ते मात्र खोडलं नाही.

मिस्त्री बाहेर पायरीवर जाऊन बसला. त्याच्या डोळ्यांपुढे सात नंबरमागची रांग आली. पुढे लहान, मागे मोठी, ही लावून देण्याची शिस्तही त्याचीच. धाकटी मुलं सायलेन्सरला अगदी खेटून, कारण त्यांना रुमाल जवळून बघायचा असे. शंभर आकडे मोजायला ती मोठा श्वास घेत. दोन वर्षं त्याने त्यांना तिथे उभं केलं, आणि टाळ्या घेतल्या. त्याने मुठी वळल्या. फिल्टर फोडताना आपण अडाणी होतो, असं म्हणून सुटता येईल का, हे त्याने मनात चाचपून पाहिलं. सुटता येईना. अडाणी माणूस सोमवारी लवकर उठून नळ्या पुसत नाही.

सकाळी तो तिच्याआधीच शेडमध्ये गेला. साहेबांच्या खोलीपुढे दोनदा गेला, दोनदा परत आला. मग तीन नंबरची गाडी त्याने रस्त्यावर जाऊ दिली नाही. तीन नंबरचा फिल्टर शाबूत होता. ती लांबच्या वाडीवस्तीवर जायची, पळायची, तुंबायची नाही.

भाची यंत्र बांधायला आली होती. डोळे सुजलेले.

"पोरी, बांधायच्या आधी एकदा हिला लाव."

"कशाला, मामा? राहू दे."

"लाव म्हणतो ना."

तिने लावलं. आकडा चार हजारावर येऊन थांबला. तिने पापण्या उघडमिट केल्या. मग नळी बाहेर काढून नुसत्या शेडमधल्या हवेत धरली. वीस हजार. "मामा! शेडच्या हवेपेक्षा हिचा धूर स्वच्छ आहे! यंत्र बरोबर आहे की. आदळ्याने काही झालेलं नाही!" ती लहान मुलीसारखी उडी मारणार होती. अर्ध्यावर थांबली. "मग सात नंबर?"

घाईकाका, साहेब, पहारेकरी, सगळे आवाज ऐकून जवळ आले होते. मिस्त्रीला वाटलं होतं एकट्या तिलाच सांगावं. तेही मिळालं नाही.

तो खुंटीकडे गेला. रुमाल काढला. भिंतीला टेकवलेली लांब सळई घेतली, तिच्या टोकाला रुमाल घट्ट बांधला आणि ती तिच्या हातात दिली.

"घाल सात नंबरच्या नळीत. काल तू बोटभर पाहिलंस. मी हातभर पुसतो. तू त्याच्या पुढे जा."

तिने सळई आत सरकवली. कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत, आणखी पुढे. फिरवली. बाहेर ओढली.

रुमाल ओळखू येत नव्हता. तिच्या मनगटावर भुसभुशीत काळं सांडलं आणि उडालं. घाईकाकाच्या तोंडी नेहमी काहीतरी असायचं, तो जमिनीकडे बघत राहिला. रोज त्या काळ्याच्या पुढ्यात बसून गाडी हाकणारा तोच होता.

"डबा रिकामा आहे," मिस्त्री म्हणाला. "मी फोडला. हिचा आणि आणखी चार गाड्यांचा. पाच, सहा, नऊ, अकरा. नळ्या मी पुसतो, दर सोमवारी."

साहेब म्हणाले, "मिस्त्री, मी तुला असं सांगितलं नव्हतं."

"नाही. तुम्ही गाडी चालू करायला सांगितली होती. फोडायचं माझं मी ठरवलं."

भाची काळ्या रुमालाकडे बघत होती. तिने वर पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि मिस्त्रीला राग हवा होता.

"मामा, हे दोन वर्षांपूर्वीचं झालं. ते मला समजतंय. गाड्या बंद पडत होत्या, तुम्हाला माहीत नव्हतं." तिचा आवाज खाली आला. "पण काल मी विचारलं होतं. मी यंत्राला खोटं म्हणाले, स्वतःला निष्काळजी म्हणाले, आणि तुम्ही मान हलवलीत."

मिस्त्रीने तिच्या हातातली सळई घेतली आणि टोकाचा रुमाल सोडून खिशात घातला.

ती टेबलाशी गेली. कालचा कागद फाडला, नवा घेतला. लिहिता लिहिता थांबून म्हणाली, "फिल्टर कुणी काढला, इथे नाव लिहावं लागतं."

"लिही."

"खरं नाव, मामा."

त्याने सांगितलं. पगारपत्रकावरचं नाव कितीतरी वर्षांनी बाहेर आलं, आणि आलं ते असं. पहारेकरी हळूच म्हणाला, "हे नाव आहे होय याचं?" कुणी हसलं नाही.

दुपारी ऑफिसची गाडी आली. भाचीने यंत्र या वेळी मांडीवर घेतलं. तिने वाकून नमस्कार केला, सवयीने, आणि मिस्त्रीने पाय मागे घेतले. "अजून नको," तो म्हणाला. ती क्षणभर तशीच वाकलेली राहिली, मग उठली. "नवे फिल्टर बसले की मोजायला मीच येईन," एवढंच बोलली. गाडी फाटकाबाहेर पडली तरी तो हात वर करायचं विसरला.

शाळा सुटली. पाच गाड्या साहेबांनी चाकांपुढे फळ्या लावून उभ्या करायला लावल्या होत्या. मुलं उरलेल्या सातांत दाटीने जाणार होती. पण सवयीने सात नंबरची मुलं सात नंबरमागेच येऊन रांगेत उभी राहिली. लहान पुढे, मोठी मागे.

"मिस्त्रीकाका, रुमाल!"

त्याचा हात खिशात गेला. खिशात तोच होता, सळईवरून सोडलेला. दुसरे पाच घरी दोरीवर वाळत होते.

"काका, आज गाडी चालूच नाही," एक मुलगी म्हणाली. पुढचे दोन दात पडलेली, रांगेत रोज पहिली. "चालू करा ना. आम्ही मोजतो."

"ही बंद राहणार."

"मग रुमाल तरी दाखवा."

त्याने काढला. झटका मारला नाही. नुसता तळहातावर ठेवून, मुलांच्या उंचीला खाली बसून दाखवला.

"हा धुतला नाही का?" तिने विचारलं.

"हा या गाडीतनं निघाला. आतनं. रोज मी दाखवायचो तो नुसता वरचा होता."

तिला ते कितपत कळलं कुणास ठाऊक. तिने एक बोट पुढे केलं, काळ्याला लावायला. मिस्त्रीने चटकन मूठ मिटली.

"हात नको लावू," तो म्हणाला. मग उठला, रांगेच्या पुढच्या मुलीचा हात धरला, दुसऱ्या हाताची मूठ मागे लपवली, आणि सगळ्यांना वळवून तीन नंबरकडे घेऊन निघाला. घाईकाका आज तीन नंबरवर होता, ती चालू करून बसला होता. मिस्त्रीने लांबूनच त्याला खूण केली. किल्ली फिरवायची.

इंजिन थांबलं. मुलं चढेपर्यंत ते बंदच राहिलं, आणि घाईकाकाने एकदाही हॉर्न वाजवला नाही.